भुसावळहून न्यूयॉर्क: अंतर नि वेळ घरच्या घरी काढताना

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला निघाले तेव्हा तिकिटावर होतं: मुंबई 01:30, न्यूयॉर्क 07:00, तारीख एकच, 15 जानेवारी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, साडेपाच तासांत अमेरिका? आपल्याला मुंबई गाठायलाच सात लागतात!" तेव्हा मलाही उत्तर देता आलं नाही. आता गल्लीत कुणाचं तिकीट आलं की मीच हिशेब मांडून देते.

आधी अंतर. मुलांचा पृथ्वीगोल घ्या आणि शिवणाचा दोरा. लोकर नको, ती ताणते. दोरा विषुववृत्ताभोवती फिरवून मोजा. आमच्याकडचा 94 सेंटीमीटर भरला. ते झाले सुमारे 40,000 किलोमीटर. मग मुंबई आणि न्यूयॉर्कवर बोटं ठेवून दोरा घट्ट ओढा. नकाशा पाहून वाटतं, तो सरळ पश्चिमेला जाईल. पण तो वर सरकतो, मॉस्कोजवळून आइसलंडवर चढतो आणि मग खाली उतरतो. माझा दोरा साडेएकोणतीस सेंटीमीटर भरला, म्हणजे साधारण साडेबारा हजार किलोमीटर. खरं हवाई अंतरही तेवढंच आहे. प्रत्यक्षात विमान थोडं जास्त उडतं, कारण एखाद्या देशाचं आकाश बंद असलं की वळसा पडतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना असंच लांबून जावं लागलं.

आता वेळ. मोठं विमान ताशी 900 किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार केला की 14 तास येतात. पण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, म्हणून थेट विमानाला 16 तासांच्या आसपास लागतात. परतताना पाठीशी असतात, तेव्हा तास-दीड तास वाचतो.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. जाताना हा फरक मिळवायचा: साडेपाच अधिक साडेदहा, झाले 16. येताना वजा करायचा.

सगळ्यात जपायचं ते तारखेला. "15 तारखेला रात्री दीड" म्हणजे 14 ची मध्यरात्र उलटल्यावर! आम्ही पहिल्यांदा 15 च्याच गाडीचं रिझर्वेशन केलं होतं. जावयाच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या रात्री मी झोपले नाही.

म्हणून उलटं मोजत या. दीडचं विमान, विमानतळावर साडेदहाला हजर. गाडीला सात तास, ठाण्याहून टॅक्सीला तास-दीड तास, आणि गाडी लेट झाली तर हाताशी दोन तास. म्हणजे घरातून 14 ला दुपारी 12 ला निघायचं. उतरल्यावर पासपोर्टची रांग, बॅगा आणि लेकीच्या घरापर्यंतची गाडी मिळून दोन तास धरा. दारापासून दारापर्यंत साडेएकतीस तास झाले.

तिच्या दारात तेव्हा सकाळचे 9, इकडे संध्याकाळचे साडेसात. सूनबाई भाकरी टाकत असते. पोहोचल्याचा फोन मी तेव्हाच करते.