कॅथलिक बोर्डिंगच्या नव्या प्रीफेक्टसाठी: पहिलं सत्र कसं चालवावं

मुलांच्या कॅथलिक बोर्डिंगमध्ये प्रीफेक्ट किंवा वॉर्डन म्हणून पहिल्यांदा रुजू होणाऱ्याच्या हातात साधारणपणे एक वेळापत्रक आणि किल्ल्यांचा जुडगा पडतो. मग सगळं लक्ष प्रार्थना किती वेळा आणि शिस्त किती कडक, याकडे जातं. मुलं मात्र धर्म शिकतात ते दिवस कसा आखलाय आणि मोठी माणसं त्यांच्यात वावरतात की लांबून नजर ठेवतात, यावरून. पुढचं सगळं याच दृष्टीने वाचावं.

मुलं येण्याआधी

नियम एका पानावर बसवा. पान भरून वाहायला लागलं तर नियम कमी करा, अक्षर बारीक करू नका. प्रत्येक नियमापुढे एका ओळीत कारण लिहा. कारण सुचत नसेल तर तो नियम सवयीने चालत आलेला असतो आणि मुलं तोच आधी मोडतात. मुलांच्या शिक्षणाला वाहून घेतलेले इटालियन धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी १८७७ मध्ये आपल्या प्रतिबंधक शिक्षणपद्धतीवर छोटा निबंध लिहिला. त्यात पहिली अट हीच आहे: नियम मुलांना आधी माहीत हवेत आणि मग मोठ्यांनी त्यांच्यात इतकं मिसळून राहावं, की चूक करायची वेळच येऊ नये. त्या पद्धतीचे तीन आधार त्यांनी सांगितले: विवेक, धर्म आणि जिव्हाळा. कारण लिहिलेला नियम हा त्यातला विवेक.

डॉर्मिटरीत सगळी नवी मुलं एका कोपऱ्यात टाकू नका. एकाचं रडू सगळ्यांना लागतं. प्रत्येक नव्या मुलाशेजारी एक जुना, शांत मुलगा द्या. अंथरूण ओलं होणाऱ्या मुलाचा पलंग न्हाणीघराच्या वाटेवर ठेवा, जादा चादर त्याच्याच कपाटात ठेवा आणि सकाळी ती कुठे टाकायची हे त्याला एकट्याला दाखवून ठेवा. रात्रभर एक मंद दिवा हवाच.

वेळापत्रक झोपेपासून उलटं मोजत बनवा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलाला ८ ते १०. साडेपाचला घंटा असेल तर लहान मुलं साडेआठला झोपलेली हवीत. भक्तीच्या नावाखाली झोप कापली की काही आठवड्यांत अर्धं चॅपल डुलक्या घेतं. मग त्या डुलक्यांबद्दल मुलं बोलणी खातात, चूक वेळापत्रकाची असते.

मिस्सा

ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्चच्या कायद्यानुसार कॅथलिक मुलावर बंधन आहे ते रविवारच्या आणि सक्तीच्या सणांच्या मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचं. आदल्या संध्याकाळची मिस्सासुद्धा चालते. रोजची मिस्सा चांगली, पण ती ऐच्छिक ठेवा. डॉन बॉस्को रोजच्या मिस्सेला आणि वारंवार घेतलेल्या संस्कारांना (पापनिवेदन आणि ख्रिस्तशरीर या धर्मविधींना) आपल्या शिक्षणाचे खांब म्हणत. त्याच निबंधात त्यांनी हेही बजावलं की मुलांवर संस्कारांची सक्ती करू नये, फक्त गोडी लावावी. पहिलं वाक्य भिंतीवर लावायचं आणि दुसरं विसरायचं, हे फार ठिकाणी घडतं.

ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर, घेण्याआधी किमान एक तास अन्न वर्ज्य असतं; पाणी आणि औषध चालतं. म्हणून नाश्ता मिस्सेनंतर ठेवा, नाहीतर ख्रिस्तशरीर देण्याच्या वेळेच्या एक तास आधी संपवा. आजारी मुलाला हा नियम लागू नाही. रिकाम्या पोटी उभं राहून एखाद्या मुलाला चक्कर येतेच, तेव्हा त्याला बसवा आणि खिडकी उघडा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ख्रिस्तशरीर घ्यायच्या रांगेत. बाकांच्या ओळी एकामागून एक उठवल्या, की जो उठत नाही तो सगळ्यांच्या डोळ्यांत येतो. मग पापनिवेदन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) न केलेला मुलगाही केवळ लाजेने उठतो आणि कॅथलिक नसलेला मुलगा बिचकून मित्रांमागे जातो. उपाय सोपा आहे. ओळी उठवणं बंद करा, ज्याला यायचं त्याने येऊ द्या. जे घेणार नाहीत ते छातीवर हात दुमडून आशीर्वाद घेऊ शकतात किंवा जागेवर बसू शकतात. दोन्ही सारखंच चालतं, हे पहिल्याच रविवारी जाहीर सांगा आणि त्यानंतर कोण उठला, कोण नाही हे पाहू नका. तुम्ही पाहताय हे मुलांना लगेच कळतं.

वाचकाला उतारा तीन दिवस आधी द्या आणि एकदा माइकवर वाचायला लावा. कोरसला महिन्याला दोनच नवी गीतं. दर रविवारी नवं गीत घेतलं तर गाणारे पाच आणि ऐकणारे नव्वद, असं होतं.

पापनिवेदन

इथे वॉर्डनने जितकं कमी करावं तितकं बरं. चर्च कायद्याच्या ९८५ व्या कलमानुसार शिक्षणसंस्थेच्या रेक्टरने (प्रमुख धर्मगुरूने) त्याच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं पापनिवेदन ऐकू नये. अपवाद एवढाच, की एखाद्या वेळी मुलाने स्वतःहून मागितलं तर. कारण उघड आहे: जो माणूस मुलाचा दाखला लिहितो त्याच्यापुढे मुलगा मन मोकळं करणार नाही. म्हणून बाहेरचे धर्मगुरू बोलवा. साठ मुलं, प्रत्येकी चार मिनिटं म्हटलं तरी एकट्या फादरांना चार तास लागतात, तिघे असले तर एक तास वीस मिनिटं. हा हिशेब न केल्यामुळे शेवटची वीस मुलं जेवणाच्या घंटेसाठी घाईत उरकली जातात.

रांग पापनिवेदनाच्या जाळीपासून इतकी लांब ठेवा की शब्द ऐकू येणार नाहीत. कोण गेलं याची यादी करू नका. परत आलेल्याला 'काय प्रायश्चित्त दिलं' असं गमतीतसुद्धा विचारू नका.

इतर धर्मांची मुलं

बहुतेक कॅथलिक बोर्डिंगांत अशी मुलं असतात. श्रद्धा कुणावर लादता येत नाही, असं चर्चचा कायदाच म्हणतो आणि दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्यावर स्वतंत्र जाहीरनामा दिला. प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून लिहून घ्या: मुलगा मिस्सेला बसेल का, धर्मशिक्षणाऐवजी मूल्यशिक्षण घेईल का, आहाराचे कोणते नियम पाळतो, कोणते सण पाळतो. मूल्यशिक्षणाच्या तासाला खरा शिक्षक आणि खरा अभ्यासक्रम द्या. त्या तासाला मुलांना वाचनालयात नुसतं बसवलं, तर आपला धर्म म्हणजे इथे शिक्षा, असं मूल समजतं.

स्टडी

१५९९ साली येशूसंघीयांनी (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाने) आपल्या शाळांसाठी ठरवलेल्या आराखड्यात उजळणीला मोठी जागा होती आणि संध्याकाळच्या स्टडीत ती आजही उपयोगी पडते. पहिली पंधरा मिनिटं दिवसभरात शिकलेलं वही न उघडता आठवून लिहायचं, मग गृहपाठ. लहानांना सलग पाऊण तास पुरे, मोठ्यांना दीड तास, मध्ये दहा मिनिटांची सुटी. प्रीफेक्टने मागे उभं राहावं. पुढे बसलेला माणूस मुलं नजरेत ठेवतात, मागच्याला विसरून कामाला लागतात. शाळा चालवणाऱ्या ब्रदरांचा संघ स्थापणारे फ्रेंच धर्मगुरू ला साल यांच्या शाळांत शिक्षक बोलून शांतता आणत नसत, हातातल्या लाकडी खुणेच्या साधनाने टिचकी देत. तेवढ्या एका टिचकीने वर्ग गप्प व्हायचा. सतत 'शू, शू' करणाऱ्याच्या स्टडीत सगळ्यात जास्त आवाज त्याचाच असतो.

मैदान

हा वेळ तुमच्या विश्रांतीचा नाही. १० मे १८८४ रोजी डॉन बॉस्को यांनी रोमहून आपल्या लोकांना पत्र लिहिलं. तक्रार होती ती मधल्या सुटीची: पूर्वी वडीलधारे मुलांत खेळत, आता कोपऱ्यात उभे राहून आपसांत बोलतात, आणि त्यामुळे विश्वास उडालाय. मुलांवर प्रेम करणं पुरेसं नाही, ते त्यांना कळलं पाहिजे, असं त्यांनी त्यात लिहिलं. रोज अर्धा तास तरी खेळात उतरा. खेळता येत नसेल तर गोलरक्षक व्हा किंवा गुण मोजा. कप्तानांना गडी निवडू देऊ नका, शेवटी उरणारा मुलगा रोज तोच असतो. सलग तीन दिवस भिंतीशी एकटा उभा दिसलेल्या मुलाचं नाव वहीत टिपा आणि चौथ्या दिवशी काही काम काढून त्याच्याशी बोला.

रात्रीचे दोन शब्द

डॉन बॉस्को यांच्या बोर्डिंगांत रात्रीच्या प्रार्थनेनंतर झोपायला जाण्याआधी प्रमुख मुलांशी थोडंसं बोलत. त्यांनी मर्यादाही घातली होती: दोन-तीन मिनिटं. पुढे काही ठिकाणी त्याचं प्रवचन झालं आणि मग त्याचा मुलांना कंटाळा आला.

चार ओळी आधी लिहून घ्या: आज घडलेली एक गोष्ट, तिच्यातून निघणारा एक विचार, उद्याची एक आठवण, शुभरात्री. एखाद्या मुलाचं भलं काम सांगायचं असेल तर नाव घेण्याआधी त्याला विचारा, काहींना ते अवघड वाटतं. रागावणं, शिक्षा जाहीर करणं, हरवलेल्या टॉवेलांची चौकशी यातलं काहीही इथे आणू नका. त्यासाठी जेवणानंतरची वेळ आहे. इथल्या शब्दांनंतर शांतता लागते आणि मूल तेच शब्द घेऊन पलंगावर जातं. आठवड्यातून एकदा दुसऱ्या कुणाला बोलायला द्या, स्वयंपाकघरातल्या माणसालासुद्धा.

आठवड्यातून दोनदा त्याआधी पाच मिनिटं आत्मपरीक्षण घ्या. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांच्या पाच पायऱ्या आहेत: दिवसाबद्दल आभार, प्रकाशाची याचना, दिवसाची उजळणी, क्षमायाचना आणि उद्यासाठी एक निश्चय. लहान मुलांना 'आज कुणी तुला मदत केली' आणि 'आज तुझ्यामुळे कुणाला त्रास झाला' एवढे दोनच प्रश्न द्या. उत्तरं मोठ्याने मागू नका. मागितली की मुलं खरं सांगणं थांबवून बरं वाटेल ते सांगतात.

शिक्षा

एकट्याला, इतरांच्या नजरेआड, आणि राग ओसरल्यावर. मुलाचं पूर्ण ऐका. काय मोडलं ते भरून देईल असं काम द्या: सांडलं तर पुसणं, फाडलं तर चिकटवणं, दुखावलं तर समोर जाऊन बोलणं. त्यानंतर विषय संपला. मारहाण अजिबात नाही. सगळ्या डॉर्मिटरीला एकाच्या चुकीसाठी उभं करणंही नाही, त्यातून फक्त चुगलखोर तयार होतात.

जपमाळ, स्तोत्र किंवा चॅपलमध्ये गुडघे टेकणं ही शिक्षा म्हणून कधीच देऊ नका. शंभर वेळा स्तोत्र लिहिलेला मुलगा पुढे प्रार्थनेची वही उघडतो तेव्हा त्याला शिक्षाच आठवते.

सुरक्षितता

हा भाग कुणाच्या भिडेखातर सैल सोडू नका. मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर बंद खोलीत असू नये. ऑफिसच्या दाराला काच हवी, नसेल तर दार उघडं. आजारखोलीत रात्री दोघे. मुलांच्या न्हाणीच्या वेळी बाहेर राहा, पण हाकेच्या अंतरावर. मॉनिटर मुलांना काम वाटण्याचा अधिकार द्या, शिक्षा देण्याचा नाही. लहानांचा छळ बहुतेकदा तिथूनच सुरू होतो आणि तो घडतो दिवे मालवल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात.

मूल गुपित सांगायला आलं तर 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. पापनिवेदनाची गुप्तता वेगळी, वॉर्डनच्या खोलीतलं बोलणं वेगळं. 'तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन' असं म्हणा, त्याचेच शब्द लिहून ठेवा, उलटतपासणी घेऊ नका आणि त्याच दिवशी पुढे कळवा. २०१९ च्या आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या 'वोस एस्तिस लुक्स मुंडी' या पोप फ्रान्सिस यांच्या आदेशाने धर्मगुरू आणि संन्यस्तांवर लैंगिक अत्याचाराची माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना देण्याचं बंधन आहे. देशाच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं याच्याबरोबर येतं, याच्याऐवजी नाही.

उपवासकाळ

ईस्टरआधीच्या या काळासाठी स्वयंपाकघराला दोन आकडे लिहून द्या: १४ आणि १८. मांस वर्ज्य करण्याचं बंधन वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं, उपवासाचं १८ पूर्ण झाल्यावर. म्हणजे शाळेतल्या जवळजवळ कुणावरच राखेच्या बुधवारी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) किंवा शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) एकवेळ जेवण्याचं बंधन नाही. वाढत्या मुलांना उपाशी ठेवून भक्ती वाढत नाही, चिडचिड मात्र वाढते. त्यापेक्षा गोड पदार्थाचे वाचलेले पैसे कुणाला द्यायचे हे मुलांना ठरवू द्या आणि शक्य असेल तर ते नेऊन देणाऱ्यांत त्यांनाच ठेवा.

घरची आठवण आणि पालक

पहिले दोन आठवडे कठीण, त्यातही रविवारची दुपार आणि झोपायची वेळ. फोनची वेळ म्हणून दुपारी ठेवा. झोपण्याआधी फोन झाला की मूल रात्रभर जागं राहतं आणि घरी आईही. न जेवणं आणि रोज सकाळी पोट दुखणं आठवडाभर टिकलं, तर डॉक्टरांना दाखवा आणि पालकांना बोलवा.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या १९६५ च्याच शिक्षणविषयक जाहीरनाम्यात पालकांना पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटलं आहे. महिन्याला त्यांना अर्ध्या पानाचं पत्र जाऊ द्या: मुलगा कुणाशी खेळतो, काय आवडीने करतो, कशात अडतो. गुण शाळा कळवेलच. पहिल्या सुटीआधीची भेट मुलाला समोर बसवून घ्या, त्याच्याबद्दल जे बोलायचं ते त्याच्या देखत बोला. आणि तुमची वही पुढच्या प्रीफेक्टला द्यायची आहे हे लक्षात ठेवून लिहा: त्यात निरीक्षणं असू द्यात, शेरे नकोत.