दहा बाय दहाची खोली मोकळी वाटण्यासाठी

खोलीच्या दारात उभं राहा आणि समोरच्या तिरक्या कोपऱ्यातली जमीन दिसते का, ते बघा. दिसत असेल तर खोली लहान असूनही अंगावर येत नाही. मध्ये दिवाणाची कड किंवा कपाटाची बाजू आडवी आली, की नजर तिथेच अडते आणि खोली तेवढीच वाटते. पुण्यातल्या नारायण पेठेतली वाड्यातली खोली असो की सिंहगड रोडवरच्या वन बीएचकेतली बेडरूम, रंगाचा डबा आणण्याआधी ही तिरकी रेघ मोकळी करा.

दहा बाय दहाच्या खोलीत सहा बाय तीनचा दिवाण, तीन फुटी लोखंडी कपाट आणि चार बाय दोनचं टेबल ठेवलं, तर 100 चौरस फुटांपैकी साधारण 31 जातात. उरलेले 69 कमी नाहीत. पण दिवाणामागे आठ इंच, कपाटाशेजारी सहा इंच, टेबलापाशी फूटभर अशी ती जागा फटींत वाटली जाते. तिथे झाडूही नीट पोचत नाही. सामान एकमेकांच्या शेजारी सरकवून या फटी एकत्र करायच्या आणि दारापासून खिडकीपर्यंत सलग अडीच फुटांची वाट काढायची. जड कपाट ढकलत बसण्यापेक्षा जुनी वर्तमानपत्रं चिकटवून प्रत्येक वस्तूच्या मापाचा कागद कापा आणि खोली रिकामी असेल तेव्हा जमिनीवर मांडून बघा. दार आणि कपाटाची दारं उघडण्याची जागाही कागदावर धरा.

कपाटाला सगळ्यात चांगली जागा म्हणजे दार ज्या भिंतीत आहे तीच भिंत. आत येताना ते समोर येत नाही. फक्त पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला काहीच चिकटवू नका; दोन इंच हवा राहू द्या, नाहीतर मागे बुरशी धरते. दिवाण पायांचा, खाली आठ-दहा इंच मोकळा घ्या. साठवणीसाठी पेटीचा पलंग लागतच असेल, तर तो भिंतीकडेला आणि खोलीत असा एकच.

पडद्यात बहुतेकांचं चुकतं. खिडकीच्या चौकटीला लागून रॉड बसवला, की उघडलेला पडदा काचेवरच गोळा होतो आणि उजेड खातो. खिडकी चार फुटी असेल तर रॉड सहा फुटी घ्या, दोन्ही बाजूंना फूट-फूट बाहेर. तो छताखाली चार इंचांवर लावा आणि पडदा जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा. उभी रेघ लांब दिसली की छतही उंच वाटतं. कापडाची रुंदी रॉडच्या दुप्पट, म्हणजे बारा फूट हवी. 48 इंच पन्ह्याचे तीन पन्हे लागतील, दर बाजूला दीड. छत साडेनऊ फुटांवर असेल तर दुमडणीसह एका पन्ह्याला दहा फूट जातात. सुती कापड आटतं, म्हणून सव्वातीन मीटरचे तीन तुकडे, एकूण पावणेदहा मीटर घ्या आणि शिवायच्या आधी धुवा. एवढा लांब रॉड मध्ये झोक खातो, त्यामुळे मधला ब्रॅकेट हवाच. खिडकीवर बहुतेकदा काँक्रीटचा बीम असतो. साध्या ड्रिलने तिथे भोक पडत नाही, हॅमर ड्रिल मागवा.

उजेडाचं तसंच. 20 वॉटची एक एलईडी ट्यूब खोलीला पुरते, कोपऱ्यांना नाही, आणि काळोखा कोपरा डोळ्याला दिसतच नाही. कपाटावर पाच-सात वॉटचा एक दिवा छताकडे तोंड करून ठेवा. तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, घेताना दोन्ही दिवे 4000 केल्विनचेच मागा; हा आकडा उजेडाचा रंग सांगतो. एक पिवळा आणि एक पांढरा झाला, की खोलीचे दोन तुकडे दिसतात.

रंग भिंतीला, दाराला आणि माळ्याच्या झडपांना एकच, फिका. माळ्याच्या झडपा गडद राहिल्या, तर भिंत सात फुटांवरच संपल्यासारखी वाटते.

आरसा खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर लावा. समोर कपड्यांचा स्टँड असेल तर पसाराच दुप्पट दिसेल. ओलसर भिंतीवर आरशाच्या कडा काळ्या पडतात.

टेबल घडीचं करून भिंतीला लावायचं असेल, तर आधी भिंत ठोकून बघा. नव्या इमारतींतल्या आतल्या भिंती बऱ्याचदा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे सच्छिद्र सिमेंटच्या विटांच्या, हलक्या असतात. त्यात साधी प्लास्टिकची गिट्टी ठोकली, की काही महिन्यांत भोक मोठं होतं आणि ब्रॅकेट स्क्रूसकट बाहेर येतो. एएसीसाठीचे लांब फास्टनर बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात नाव सांगून मागा, आणि भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा.