परसातल्या टाकीत वाम: सुरुवात करणाऱ्यांसाठी

वाम, म्हणजे नदी-खाडीतली खरी वाम किंवा अहीर, पाळायची म्हटलं की सगळे आधी टाकीचं विचारतात. किती लिटरची, सिमेंटची की ताडपत्रीची, मोटर किती एचपीची. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न बियाण्याचा आहे. रोहू-कटल्याची बोटुकली मत्स्यबीज केंद्रात मिळतात, तिलापियाची परवानाधारक हॅचरीत मिळतात. वामीचं बी मात्र असं हॅचरीत विकत मिळत नाही. जपान, चीन, तैवान, युरोप, जिथे जिथे वामीची मोठी शेती चालते तिथे जवळजवळ प्रत्येक पिल्लू नदीच्या मुखाशी जाळ्यात धरलेलं असतं. हे नीट कळलं की पुढच्या बऱ्याचशा अडचणी का येतात तेही कळतं.

वाम गोड्या पाण्यात वाढते, पण अंडी घालायला खोल समुद्रात जाते. आपल्याकडच्या आखूड पराच्या वामीच्या पारदर्शक, पानासारख्या चपट्या अळ्या सुमात्राच्या पश्चिमेकडच्या समुद्रात सापडल्या आहेत. तिथून प्रवाहाबरोबर येत येत त्या किनाऱ्याशी काचेसारख्या पिल्लांच्या रूपात पोचतात, खाडीतून वर चढतात, रंग धरतात आणि मग ओढ्यात, तळ्यात, विहिरीत वर्षानुवर्षं राहतात. बंदिस्त पाण्यात त्या स्वतःहून पिकत नाहीत. जपानी शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये संप्रेरकं टोचून पहिल्यांदा अळ्या मिळवल्या. त्या अळ्या वाढवून, त्यांच्यापासून पुन्हा पुढची पिढी काढायला २०१० साल उजाडलं. शार्कच्या अंड्यांची पेस्ट भरवून महिनोन् महिने जगवलेल्या त्या अळ्या होत्या. तुमच्या-माझ्या परसात हे होणार नाही. म्हणून 'एकदा जोडी सोडली की पुढे पिल्लंच पिल्लं' असं कोणी सांगत असेल तर तिथून उठून यावं.

आता कोणती वाम? कोकणातल्या बाजारात या नावाने निदान तीन मासे येतात. समुद्रातली दातेरी वाम टाकीत पाळायची नाही, तिला गोडं पाणी चालत नाही. नदीतली, पाठीवर सुट्या काट्यांची रांग असलेली वाम वेगळ्या कुळातली आहे. सांगली-कोल्हापूरकडे तिला मोठा मान. तिसरी ती खरी वाम, काही भागांत जिला अहीर म्हणतात. तिचा पाठीवरचा पर शेपटीला वळसा घालून पोटाकडच्या पराला सलग जुळलेला असतो. तिच्यातही दोन जाती: एका जातीच्या अंगावर ठिपके-चट्टे आणि पाठीचा पर लांब, तर दुसरी, म्हणजे वर सांगितलेली आखूड पराची, एकरंगी आणि तिचा पाठीचा पर गुदद्वाराच्या जवळपास वरच सुरू होतो. मी पाळते ती ही एकरंगी, खाडीच्या वरच्या अंगाला मिळणारी.

पिल्लं आणताना आकार आणि धरण्याची पद्धत या दोन गोष्टी पाहा. पेन्सिलीएवढं पिल्लू टाकीला सरावतं. हातभर लांब, नदीत वाढलेली वाम महिना महिना तोंड उघडत नाही आणि रोडावत जाते. आमच्या खाडीवरच्या तात्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती: "वैनी, गळाची वाम घेऊ नका. गळ पोटात गेलेला असतो, वरून दिसत नाही." बोकशी जाळ्यात किंवा बांबूच्या सापळ्यात आलेलीच घ्या. आणि घेण्याआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन, पिल्लं धरण्या-आणण्याबद्दल काय नियम आहेत ते विचारा. जाळ्यात येईल तेवढी उचलायची नाहीत, हे मी माझ्यापुरतं ठरवलेलं आहे. कृष्णेसारख्या नदीवर अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं उभी राहिल्यावर समुद्रातून वर येणाऱ्या वामीची वाटच तुटली. युरोपातल्या वामीची अवस्था तर इतकी बिकट की २००९ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. जो मासा आपण पिकवू शकत नाही, त्याच्याकडे हावरेपणाने पाहायचं नाही.

टाकीसाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतला परसातला छोटा आरएएस, म्हणजे पाणी गाळून पुन्हा फिरवणारा संच, चांगला आधार आहे. त्याचा खर्च ५० हजार रुपये धरलेला आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. मात्र हा संच उभारतात तो तिलापिया, काळुंदर अशा माशांच्या हिशोबाने. वामीसाठी त्यात बरीच डागडुजी करावी लागते, आणि ती सगळी एकाच कारणासाठी: वाम पळते.

हे ऐकून माहीत असणं वेगळं आणि पाहणं वेगळं. मृगाच्या पावसात, लाइट गेलेली असताना, टॉर्च मारून मी टाकीपाशी उभी होते. एक वाम हवेच्या नळीला अंगाचा वेढा देऊन सावकाश वर सरकत होती. डोकं काठाला पोचलं, थांबली, पुन्हा पाण्यात गेली. मग शेपटी आली. शेपटीचं टोक काठावर टेकवून तिने पलीकडे चाचपलं, आकडा केला आणि उलट्या बाजूने अंग ओढून घ्यायला लागली. डोकं बाहेर काढून पळणारा मासा आपण अडवू शकतो. शेपटीने वाट शोधणाऱ्यासाठी वेगळा विचार करावा लागतो. ओल्या भिंतीवर ती चढते, ओल्या गवतातून बरंच अंतर जाते. अंधारी, पावसाची रात्र असली की सगळ्यांत जास्त.

म्हणून काठ आतल्या बाजूला वळवलेला हवा, निदान वीतभर. पाण्याची पातळी काठापासून भरपूर खाली. वर घट्ट बांधलेली जाळी, आणि नळ्या-वायर जिथून आत जातात त्या फटी बुजवलेल्या. जाळीचं भोक मोजताना अंगाची जाडी बघू नका, डोक्याची बघा. डोकं गेलं की सगळी वाम गेली. बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तोंडाला स्टीलची जाळी लावा आणि ती रोज घासा, कारण वामीचा बुळबुळीत स्राव तिच्यावर साचून पाणी तुंबतं आणि टाकी भरून वाहते. मग तिला चढायचीही गरज उरत नाही.

खाऊ घालणं हा सगळ्यांत जास्त धीराचा भाग आहे. नदीतून आलेल्या पिल्लाला तयार गोळी-खाद्य म्हणजे खडे वाटतात. मी गांडुळांपासून सुरुवात करते. संध्याकाळी दिवे मालवल्यावर, रोज त्याच कोपऱ्यात, उथळ जाळीदार ताटलीत. जागा बदलायची नाही, वेळ बदलायची नाही. पिल्लं ताटलीवर जमायला लागली की गांडुळांत तारलीचा किंवा मांदेलीचा ताजा खिमा मिसळायचा. मग खिम्यात मासळीच्या कुटाचं ४५ टक्क्यांच्या वर प्रथिनं असलेलं पीठ, रोज थोडं थोडं वाढवत. गोळा भाकरीच्या पिठाहून किंचित चिकट झाला पाहिजे. सुटला तर अर्धं खाद्य पाण्यात जातं. अर्ध्या तासात जे उरेल ते उचलायचंच. काही पिल्लं या वळणावर कधीच येत नाहीत. ती वेगळी ठेवून गांडुळांवर वाढवा, नाहीतर सोबतची त्यांना संपवतात.

हो, एकमेकींना खातात. त्यातही खाणाऱ्या झपाट्याने वाढतात, लाजऱ्या मागे पडतात, आणि फरक दुप्पट झाला की मोठी लहानीचा चावा घेते. साधारण महिना-दीड महिन्याने आकारानुसार वेगळ्या करणं हा यावरचा खरा उपाय आहे. पाणी थंड केलं की त्या शांत होतात. हातात सुती कापड घ्या, नुसत्या हाताने धरायला जाऊ नका. आकारातल्या फरकाचं आणखी एक कारण आहे. दाटीने पाळलेल्या वामींत बहुतेक नर होतात, आणि नर लहानच राहतो. जपानी वामीच्या शेतांत हे नेहमीचं आहे. तेव्हा टाकीत जास्त सोडल्या की जास्त किलो मिळतील हा हिशोब इथे चालत नाही.

पाण्याबद्दल पुस्तकांत पुष्कळ लिहिलेलं असतं. माझ्यासारख्या जांभ्याच्या मुलखात राहणाऱ्यांनी त्यातली एक गोष्ट ठळक करून ठेवावी. आपल्या विहिरींचं पाणी मऊ आणि आंबटसर असतं. एक किलो ४५ टक्के प्रथिनांच्या खाद्यातून साधारण ४० ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतं. फिल्टरमधले जिवाणू ते नायट्रेटमध्ये बदलतात, पण दर ग्रॅममागे सुमारे ७ ग्रॅम क्षारता खातात. आपल्या पाण्यात ती मुळातच कमी. मग पीएच घसरतो, जिवाणू मंदावतात, अमोनिया साचतो, आणि वाम खाणं सोडते. वरून पाणी नितळच दिसत असतं. कालवं आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या स्वच्छ धुऊन, कुटून, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरच्या वाटेत ठेवल्या की पाणी स्थिर राहतं. एकदम घसरलं तर खाण्याचा सोडा थोडा थोडा. पीएच ७ ते ८ आणि प्राणवायू लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर ठेवा. फिल्टरमध्ये हे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर वाम आणूच नका.

'वामीला प्राणवायू लागत नाही, ती कातडीने श्वास घेते' हे सर्रास ऐकू येतं. ओलसर, गार हवेत काही तास ती तशी तग धरते हे खरं. उन्हाळ्यात तापलेल्या, मेलेल्या पाण्यात ती इतर माशांसारखीच मरते. इन्व्हर्टरला हवेचा पंप जोडल्याशिवाय कोकणात हा उद्योग करू नका.

रोगांचं थोडक्यात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि जखमांवरची बुरशी हे नेहमीचे. वामीचे खवले बारीक आणि कातडीत रुतलेले, त्यामुळे औषधं तिला जड जातात. मीठ मात्र चालतं, ती खाडीतून आलेली आहे. वेगळ्या टाकीत, लिटरला ५ ग्रॅमपर्यंत, सावकाश वाढवत. मुख्य टाकीत मीठ ओतलं तर फिल्टरचे जिवाणू दुखावतात. नवीन आलेली प्रत्येक वाम आधी काही आठवडे या वेगळ्या टाकीतच काढते.

मोबाइलवर व्हिएतनामचे व्हिडिओ फिरतात: सिमेंटच्या हौदात नायलॉनच्या दोऱ्यांचे झुबके आणि त्यांत हजारो वामी. तो मासा वेगळा आहे. तो चिखलातला, तोंडाने हवा घेणारा, आसाम-त्रिपुरातल्या कुचियाचा भाऊबंद. तो गोड्या पाण्यातच वितो आणि तिकडे त्याची हॅचरीही आहे. त्याचे आकडे आपल्या वामीला लावू नका, आणि तो मासा इकडे आणून आपल्या ओढ्यांत सुटेल असंही काही करू नका.

नव्याने सुरू करणाऱ्याला मी हेच सांगते: पहिलं वर्ष त्याच टाकीत काळुंदर वाढवा. फिल्टर, वीज, पीएच हे सगळं त्यांच्यावर शिका. मग मोजक्या वामी आणा. विकण्याआधी दोन-तीन दिवस उपाशी, वाहत्या स्वच्छ पाण्यात ठेवा म्हणजे चिखलाचा वास जातो. गिऱ्हाईक जिवंत मागतं, म्हणून झाकणाची बादली, ओलं गोणपाट आणि थोडा बर्फ लागतो. घरीच साफ करणार असाल तर तिचं कच्चं रक्त डोळ्यांत किंवा जखमेत जाऊ देऊ नका, ते विषारी असतं. नीट शिजवलं की विष नाहीसं होतं. आमच्याकडे साफ करताना लहान मुलांना जवळ येऊ देत नाही, आणि विळी-पाट लगेच गरम पाण्याने धुतो.