पीसी-लॅपटॉपची टेस्ट करताय? या चुका टाळा (आणि आधी खोलीचं टेंपरेचर बघा)

दर आठवड्याला कुणीतरी पोरगं व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट टाकतं, "भाऊ, सेम प्रोसेसर आहे तरी यूट्यूबवाल्यापेक्षा माझा स्कोर कमी का येतोय", आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, टेस्ट लावली तेव्हा खोलीत टेंपरेचर किती होतं? तिथेच गाडी अडते. कुणी बघितलेलंच नसतं. मी जळगावात असेंबलिंगचं काम करतो, गेली आठ-नऊ वर्षं हाताखालून जाणाऱ्या मशीनचे आकडे वहीत लिहून ठेवतो. आता आपल्याकडची पोरं स्वतः रिव्ह्यू करायला लागलीत ही मला मनापासून आवडणारी गोष्ट आहे, पण चुका त्याच त्याच, आणि त्या आकड्यांवर भरवसा ठेवून कुणीतरी कापूस विकून आलेल्या पैशातून पोराला पीसी घेऊन देतो, म्हणून हे लिहितोय.

तर पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक, खोलीचं तापमान न मोजणं. बाहेरचे बरेच रिव्ह्यूवाले एसी लावून २१-२२ डिग्रीला टेस्ट करतात. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला टेकतो, घरात पत्र्याखालची खोली असेल तर विचारूच नका. हीटसिंक (प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, तो फक्त आतली उष्णता त्या हवेत सोडतो, म्हणजे हवा जेवढी तापलेली तेवढाच आकडा वर सरकणार.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. चोपड्याकडचं माझं एक जुनं गिऱ्हाईक, लग्नाचे व्हिडिओ करतो, त्याला एडिटिंगच्या मशीनला प्रोसेसरचा कूलर बदलायचा होता. माझ्याकडे दोन होते, एक स्वस्तातला आणि एक जवळपास दुप्पट किमतीचा. म्हटलं टेस्ट करूनच सांगतो. महागडा सकाळी सात वाजता बसवला, सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावून स्कोर देणारा प्रोग्रॅम) दहा मिनिटं चालवलं, ७८ डिग्री. मग दुकानात गर्दी झाली, जेवणं झाली, आणि स्वस्तातला बसवून टेस्ट लावली तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले, गेलेली लाईट येऊन जेमतेम अर्धा तास झालेला, डेझर्ट कूलरच्या टाकीत पाणी नाही म्हणून तो नुसती गरम हवा फेकतोय, आणि आकडा आला ९१. तेरा डिग्रीचा फरक! मी छातीठोकपणे सांगितलं की स्वस्तातला घेऊ नको, आणि त्याने माझ्या शब्दावर दुप्पट पैसे मोजले.

डिसेंबरात तेच मशीन सर्व्हिसिंगला आलं. स्वस्तातला कूलर दुकानात पडून होता, म्हणून सहज एकामागोमाग एक दोन्ही लावून बघितले, खोली दोन्ही वेळा २४ डिग्री. महागडा ७३, स्वस्तातला ७५. दोनच डिग्री. म्हणजे मे महिन्यातल्या तेरापैकी अकरा डिग्री खोलीच्या होत्या आणि त्या मी बिचाऱ्या कूलरच्या नावावर टाकल्या होत्या. त्याला फोन करून सगळं खरं सांगितलं आणि वरचे पैसे सर्व्हिसिंगच्या बिलात वळते केले, पण तो दिवस मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी. साधा डिजिटल थर्मामीटर, तो भिंतीवर नाही तर कॅबिनेटमध्ये हवा जिथून आत शिरते तिथून वीतभर लांब टांगायचा. प्रोसेसरचं टेंपरेचर लिहिताना शेजारी खोलीचं लिहायचं आणि वजाबाकी करायची. वर सांगितलेल्या डिसेंबरच्या आकड्यांत ती ४९ आणि ५१ येते, आणि मशीन, लोड, पंख्याचा स्पीड तोच असेल तर ही वजाबाकी कुठल्याही ऋतूत बऱ्यापैकी जुळते. उन्हाळ्यात टेस्ट सकाळी सहा ते आठमध्येच. दोन वस्तू तुलनेला असतील तर एकाच बैठकीत, आणि शेवटी पहिली वस्तू परत लावायची, तिचा आकडा पहिल्यासारखा आला तरच मधल्यावर विश्वास. आणि डेझर्ट कूलरचं तोंड उघड्या कॅबिनेटकडे करून "बघा किती थंड चालतंय" असं कृपा करून दाखवू नका, बघणारा ते मशीन बंद कॅबिनेटमध्ये, टेबलाखाली ठेवून वापरणार आहे.

अजून एक, नुसतं टेंपरेचर बघून भागत नाही. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर फुल लोडवर ९५ डिग्रीपर्यंत जायचेच असं एएमडीने स्वतः सांगितलंय. तिथे कूलर हलका असो की भारी, ९५ च दिसणार, खाली येतो तो क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग. म्हणून टेंपरेचर, क्लॉक आणि वॅट तिन्ही एकत्र नोंदवायचे.

दुसरी चूक घाईची. टेस्ट एकदा लावली, मिनिटभरात आकडा आला, स्क्रीनशॉट, अपलोड. अरे थांबा ना जरा. इंटेलचा आय५-१२४०० घ्या, बॉक्सवर ६५ वॅटचा प्रोसेसर, पण टर्बोमध्ये त्याला ११७ वॅटपर्यंत परवानगी आहे, आणि इंटेलच्या नेहमीच्या सेटिंगवर ती जोराची धाव थोडा वेळच असते, मग तो ६५ वर येऊन बसतो. काही मदरबोर्ड ही वेळेची अटच काढून टाकतात. म्हणजे प्रोसेसर एकच, बोर्ड दोन, आणि लांब टेस्टचे आकडे वेगळे. छोट्या टेस्टमध्ये हे कळतच नाही. सिनेबेंच आर२३ मध्ये दहा मिनिटांची सेटिंग मुळातच दिलेली असते, ती बंद करून एकच राउंड मारणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं, कारण दहा मिनिटं वाचवून ते सगळी मेहनत वाया घालवतात. लॅपटॉपला तर मी अर्धा तास लूपवर ठेवतो, पहिला आणि शेवटचा असे दोन्ही आकडे सांगतो. एडिटिंग करणाऱ्याला शेवटचाच कामाचा.

एसएसडीचंही तेच. क्रिस्टलडिस्कमार्क (ड्राइव्हचा स्पीड मोजणारा प्रोग्रॅम) उघडायचं, एक जीबीची टेस्ट मारायची आणि हजारोंमधले आकडे दाखवायचे. पण स्वस्त ड्राइव्ह लिहिताना आधी आपल्या वेगवान एसएलसी कॅशमध्ये (ड्राइव्हमधल्याच छोट्या तात्पुरत्या जागेत) लिहितात, एक जीबी त्यात कुठल्या कुठे मावतो. लग्नसराईत एका रात्री दोन-तीनशे जीबी फुटेज कॉपी करणाऱ्याची कॅश मध्येच भरते, आणि काही क्यूएलसी ड्राइव्ह (एकेका सेलमध्ये चार बिट कोंबणारे, स्वस्तातले) त्यापुढे सेकंदाला १०० एमबीच्या आसपास येतात, जुन्या हार्डडिस्कच्या पंगतीत. मी आधी ड्राइव्ह अर्धा भरतो, मग दीडशे जीबीचा एक फोल्डर दुसऱ्या फास्ट ड्राइव्हवरून कॉपी करतो आणि स्पीडचा ग्राफ कुठे कोसळतो ते बघत बसतो. कंटाळा येतो. तरी बसायचं.

गेमचा नुसता ॲव्हरेज एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) सांगू नका. ६० एफपीएस म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, पण मध्येच एखादी १०० ची आली तर हाताला झटका जाणवतो आणि ॲव्हरेजला त्याचा पत्ताही लागत नाही. १ टक्का लो, म्हणजे सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा एफपीएस, तोही द्या. ते मोजणारा कॅपफ्रेमएक्स प्रोग्रॅम फुकट आहे. पहिला राउंड सोडून द्यायचा, त्यात बऱ्याच गेममध्ये शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात. आणि प्रोसेसरची तुलना ४के वर करून "दोन्ही सारखेच" म्हणणं बंद करा, तिथे ग्राफिक्स कार्डच दमलेलं असतं, प्रोसेसर निवांत वाट बघतोय. १०८०पी वर, सेटिंग खाली आणून बघा.

बाकीच्या पटापट सांगतो. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) चालू राहिलं तर ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर सगळी तगडी कार्डं ६० च दाखवणार. मॉनिटरची केबल कार्डात लावा, मदरबोर्डात नाही (हसू नका, महिन्याला एक तरी केस येते). रॅमची एकच कांडी लावून इनबिल्ट ग्राफिक्सला नावं ठेवू नका. ३२०० ची रॅम बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग) चालू न करता बऱ्याचदा २१३३ किंवा २६६६ वर चालते, टास्क मॅनेजरमध्ये एकदा बघून घ्या. लॅपटॉप चार्जरवर आणि बॅटरीवर, दोन्ही आकडे द्या. ड्रायव्हर आणि बायोसची आवृत्ती लिहा, गेल्या वर्षीचा स्कोर आजच्या शेजारी ठेवू नका. एकाच बेंचमार्कवर निकाल देऊ नका, २००३ साली थ्रीडीमार्क०३ मध्ये एनव्हिडियाच्या ड्रायव्हरने खास त्या टेस्टपुरती चलाखी केलेली पकडली गेली होती, म्हणून रोजच्या वापरातला एक तरी प्रोग्रॅम सोबत चालवा.

आणि आकडे पुसायची घाई करू नका. तीनदा टेस्ट लावली, दोन सारखे आले, एक वेगळा आला की पोरं तो वेगळा काढून टाकतात. मागच्या हिवाळ्यात एका जिनिंगच्या ऑफिसातलं मशीन आलं, तोच आय५-१२४००. सिनेबेंच आर२३ चा पहिला राउंड १२,३००, दुसरा १२,२५०, तिसरा एकदम १०,९००. सोबतचा पोरगा म्हणे, "जाऊ द्या भो, अपडेट चालू झालं असेल मागे." अपडेट नव्हतं, ते आधीच बंद केलेलं. साइडचं पॅनल काढून चौथा राउंड लावला आणि प्रोसेसरच्या पंख्याकडे बघत बसलो, चार मिनिटांनी तो अडखळला, परत फिरला, परत अडखळला. मशीन बंद करून पंखा सोडवला तर मधल्या दांडीला रुईचे तंतू असे घट्ट गुंडाळलेले की जशी चातीवर सुताची गुंडी. चिमट्याने एकेक ओढून काढले, पंखा बसवला, खोलीचं टेंपरेचर परत बघितलं, २५, आणि पुढचे तीन राउंड आले १२,२८०, १२,३१०, १२,२९०.