अरुंद एओर्टिक झडप मोजताना: एका व्यासाचा पेच

एओर्टिक स्टेनोसिस (एओर्टिक झडप अरुंद होणे) तीव्र ठरवणारे तीन आकडे इको (हृदयाची सोनोग्राफी) शिकू लागलेल्या प्रत्येकाला पाठ असतात: रक्तप्रवाहाचा कमाल वेग सेकंदाला ४ मीटर किंवा अधिक, सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक) ४० मिमी पारा किंवा अधिक आणि झडपेचे क्षेत्रफळ १ चौरस सेंमी किंवा त्याहून कमी. तिन्ही एकमेकांशी जुळले, तर कोणाचेच काही अडत नाही. अडते ते क्षेत्रफळ ०.७ आणि ग्रेडियंट जेमतेम २५ आल्यावर. माझा शिकण्याचा बराच काळ याच पेचात गेला आणि आजही असा रुग्ण समोर आला की प्रोबवरची पकड नकळत घट्ट होते.

अशा वेळी ‘लो फ्लो’ (हृदयातून दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडणे) हे निदान फार चटकन सुचते. ते लिहिण्याआधी व्यास पुन्हा मोजावा. क्षेत्रफळ आपण थेट मोजत नसून एलव्हीओटीच्या (झडपेच्या अगदी खालचा, डाव्या जवनिकेतून रक्त बाहेर पडण्याचा मार्ग) व्यासावरून आणि तिथल्या व झडपेतल्या अशा दोन व्हीटीआयवरून (एका ठोक्यात रक्त किती अंतर पुढे जाते त्याचे माप) काढतो, आणि त्यातल्या व्यासाचा वर्ग होतो. समजा, एलव्हीओटीचा व्हीटीआय २० सेंमी आणि झडपेचा ७० सेंमी आहे. व्यास १.८ सेंमी धरला तर झडपेचे क्षेत्रफळ ०.७३ येते, २.० धरला तर ०.९० आणि २.२ धरला तर १.०९, म्हणजे कॅलिपर (पडद्यावरची मोजखूण) चार मिलिमीटर सरकले की तीव्र स्टेनोसिस मध्यम होतो.

खरी मेख पुढे आहे. स्ट्रोक व्हॉल्यूमही (एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त) त्याच व्यासावरून निघतो. शरीराचे पृष्ठफळ १.६ चौरस मीटर असलेल्या याच रुग्णात १.८ व्यासाने तो दर चौरस मीटरला ३२ मिली येतो, म्हणजे लो फ्लोच्या ३५ या मर्यादेखाली, आणि २.० व्यासाने ३९. व्यास कमी मोजला गेला की झडपही लहान दिसते आणि प्रवाहही कमी दिसतो. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना दुजोरा देतात असे वाटते. प्रत्यक्षात दोघांचा साक्षीदार एकच असतो. म्हणून दोन व्हीटीआयचे गुणोत्तर अवश्य पाहावे, कारण त्यात व्यास येतच नाही. ते ०.२५ च्या खाली असेल तर तीव्रतेला स्वतंत्र आधार मिळतो. वरच्या उदाहरणात ते ०.२९ आहे, आणि तेवढ्यानेच थबकायला हवे.

व्यास पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिसमध्ये (छातीच्या मधल्या हाडाशेजारून दिसणारे हृदयाचे उभे चित्र), चित्र झूम करून, सिस्टोलच्या (हृदयाच्या आकुंचनाच्या) मध्यावर, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत घ्यावा आणि अनेक ठोक्यांत पडताळावा. झडपेचे कॅल्शियम शेजारच्या मायट्रल झडपेच्या पुढच्या पाकळीच्या मुळाशी उतरलेले असेल, तर त्याची पांढरी चकाकी कड झाकते आणि कॅलिपर त्या चकाकीच्या आतच थांबते. शिवाय एलव्हीओटी बहुधा लंबगोल असतो आणि या चित्रात त्याची आखूड बाजू दिसते, त्यामुळे चूक सहसा कमी मोजण्याकडेच झुकते.

वेगाच्या बाबतीत आळसाला क्षमा नाही. किरण प्रवाहाला ३० अंशांनी तिरका पडला, तर ४.६ चा वेग ४.० दिसतो आणि कमाल ग्रेडियंट ८५ वरून ६४ वर येतो. एपिकल खिडकीवर (हृदयाच्या टोकाकडून घेतलेल्या मोजमापावर) समाधान मानू नये. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून राइट पॅरास्टर्नल खिडकीतून (छातीच्या मधल्या हाडाच्या उजवीकडून) चित्र न दाखवणारा छोटा पेन्सिल प्रोब लावावा. मायट्रल रिगर्जिटेशनचा (मायट्रल झडपेतून रक्त मागे गळण्याचा) जेट एओर्टिक समजला जाऊ नये म्हणून त्याचा कालावधी पाहावा. तो अधिक लांब असतो. यंत्राच्या ऑटो-ट्रेसवर माझा विश्वास नाही, कारण ठळक कडेबाहेरची पुसट झालरही ते पुष्कळदा वेगात धरते. ‘झडप बघूनच कळते’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांपेक्षा कॅलिपर पुन्हा लावायला सांगणारे कटकटे ज्येष्ठ नवख्यांच्या अधिक उपयोगाचे असतात.

मात्र धास्ती घेण्याचे कारण नाही. सगळे नीट मोजूनही आकडे जुळेनात, असे वारंवार घडते. १ चौरस सेंमी आणि ४० मिमी या मर्यादाच एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. रक्तदाब वाढलेला असेल तर तो आटोक्यात आणून पुन्हा मोजावे. प्रवाह खरोखरच कमी आणि इजेक्शन फ्रॅक्शनही (डाव्या जवनिकेतले किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर पडते ते) घटलेले असेल, तर कमी मात्रेची डोब्युटामिन (हृदयाचे आकुंचन वाढवणारे औषध) चाचणी उपयोगी पडते. इजेक्शन फ्रॅक्शन चांगले असेल, तर कॉन्ट्रास्टविना सीटी करून झडपेचा कॅल्शियम स्कोअर काढावा: पुरुषांत सुमारे २००० आणि स्त्रियांत सुमारे १२०० च्या पुढे तीव्र स्टेनोसिसची शक्यता बळावते, आणि या तपासणीत एलव्हीओटीच्या व्यासाचा संबंधच येत नाही.