सरावाचे बॉक्सिंग ग्लोव्हज कसे निवडाल?

ग्लोव्हज उघड्या हातावर घालून कधीच बघू नका. आधी साडेचार मीटरची पट्टी मनगट, अंगठा आणि बोटांच्या मुळांवरून गुंडाळा, मग हात आत घाला. बोटांची टोकं आतल्या शिवणीला जेमतेम टेकली पाहिजेत. मूठ वळायला जोर लागला तर माप लहान, हात आत सरकला तर मोठं.

वजन औंसात असतं. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. मोठ्या माणसाला टांगलेल्या पंचिंग बॅगवर मारायला साधारण १२, स्पारिंगला म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीला १६. बॅगवर मारून दबलेले ग्लोव्हज स्पारिंगला अजिबात नकोत, समोरच्याला लागतं.

पट्टा आवळून मनगट वाकवून बघा. सहज दुमडलं तर तो जोड घेऊच नका, तिरका ठोसा बसला की मनगट मुरगळतं.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे खरा शत्रू घाम. सराव संपल्यावर ग्लोव्हज तसेच पिशवीत कोंबले की आतलं अस्तर कुजतं. आपला सोलापुरी टर्किश नॅपकिन गुंडाळून आत सारा, ओल छान शोषली जाते. मग तो काढून पंख्याखाली वाळवा. उन्हात नको, चामडं तडकतं.