खुबा बदलल्यानंतर पुन्हा सायकलवर: या चुका टाळा

शस्त्रक्रियेने खुब्याचा सांधा बदलून घेतलेल्या सायकलस्वाराची फसगत बहुतेक वेळा अशी होते: चालताना अजून काठी लागते, पण व्यायामाच्या सायकलवर बसलं की काही दुखत नाही. वजन सीटवर असतं, सांध्यावर भार कमी येतो, म्हणून बरं वाटतं. तेवढ्यावरून रस्त्यावर निघू नका. पेडल मारणं सोपं आहे. खरा धोका चढण्या-उतरण्यात आहे.

आयुष्यभर टांग मारून सायकलवर बसलेल्या माणसाला ती सवय सोडणं जड जातं, पण सोडावीच लागते. शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली असेल, तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे नेणं आणि पाऊल आत वळवणं साधारण पहिले ६ ते १२ आठवडे टाळायला सांगतात. नाहीतर सांधा निखळू शकतो. पुढच्या बाजूने झाली असेल, तर पाय मागे ताणणं आणि बाहेर वळवणं जपायचं. म्हणून मित्राला काय सांगितलं होतं ते विसरा, स्वतःच्या सर्जनला विचारा. सुरुवातीला मधली दांडी नसलेली लेडीज सायकल घ्या. त्यात कमीपणा अजिबात नाही.

बूट अडकवून ठेवणारी क्लिपची पेडलही तूर्त काढून ठेवा. ती सोडवताना टाच बाहेर झटकावी लागते आणि त्याच क्षणी खुबा आत वळतो, म्हणजे मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झालेल्यांनी नेमकी टाळायची हालचाल. शिवाय पाय अडकून पडलात, तर कृत्रिम सांध्याभोवतीचं हाड मोडू शकतं. सपाट पेडल बरी.

पेडल वर येताना जांघेत चिमटा बसतो? बहुधा सीट खाली आहे. सीट थोडी वर घ्या, हँडलही उंच करा. पूर्ण फेरी जमत नसेल, तर आधी पेडल नुसतं पुढे-मागे झुलवा. कंबर डुलायला लागली, तर सीट जास्तच वर गेली आहे. गिअर हलकाच ठेवा. अनेकांना व्यायामाची सायकल ४ ते ६ आठवड्यांत सुरू करता येते, रस्ता मात्र साधारण ३ महिन्यांनी.

‘पाय लांब झाला’ असं वाटून दुसऱ्या पायाच्या बुटात लगेच उंचीसाठी जादा तळवा घालू नका. स्नायू आखडल्यानेही तसं वाटतं आणि बऱ्याच जणांचं काही महिन्यांत कमी होतं.

फक्त सायकलवर भिस्त ठेवणं ही चूक मात्र उशिरा लक्षात येते. सायकलवर खुबा पूर्ण सरळ होत नाही आणि कुल्ल्याच्या बाजूचे स्नायूही फारसे कामाला लागत नाहीत. मग लंगडणं तसंच राहतं. रोजचं चालणं आणि फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम सोडू नका.

पोटरी सुजली-दुखली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तर लगेच डॉक्टरांना कळवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, खुब्यात एकदम असह्य कळ येऊन पाय आखूड वा वळलेला दिसला, तर थेट हॉस्पिटल गाठा.

रस्त्यावर जाण्याआधी एक सराव करा. थांबताना चांगला पाय जमिनीला टेकवायचा. वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया झालेलाच पाय टेकवत आला असाल, तर मोकळ्या मैदानात हळू चालवत ही सवय आधी बदला.